कान धरला की पळायचं

मी आधीच सांगते, मला बेसबॉलमधलं फारसं कळत नाही. पण इतकी वर्षं दर रविवारी फोल्डिंगची खुर्ची टाकून मैदानाच्या कडेला बसल्यावर माणसाला आपोआप थोडंफार समजायला लागतं. आणि बोलायचं म्हणाल, तर त्यासाठी मला समजण्याची गरज कधीच पडलेली नाही. उल्हासला विचारा.

उल्हास म्हणजे माझा नवरा. मिल्टन कीन्स राउंडअबाउट्स या टीमचा मॅनेजर. नाव ऐकून लोक हसतात, पण आमच्या गावात त्या गोल चौकांशिवाय अभिमान धरावा असं आहे तरी काय? नव्वदच्या दशकात हा एका प्रोजेक्टवर तीन वर्षं ओहायोत होता, तिथे त्याला हे वेड लागलं. बाकीचे लोक अमेरिकेतून डॉलर घेऊन आले, आमच्याकडे एक बॅट आली. टीममध्ये मराठी मुलं चार-पाच, बाकी गोरे, दोघे अमेरिकन, एक जपानी. पगार कोणालाच नाही. उलट जर्सी ज्याने त्याने घरी धुवायची.

तर त्या वर्षीच्या मे महिन्यात या माणसाने सम्यकला ब्रॅकनेलच्या टीमला देऊन टाकलं, आणि त्याच्या बदल्यात तिथला पुष्कर आणला. भर सीझनमध्ये. आमच्या लीगमध्ये मधेच टीम बदलायची तर दोन्ही टीमच्या मॅनेजरांनी हो म्हणावं लागतं, तेवढाच नियम. दोन फोन झाले आणि विषय संपला. मला कळलं ते टीमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. घरात राहून नवऱ्याची बातमी ग्रुपवर वाचायची म्हणजे कसं डोक्यात जातं, ते ज्याचं त्यालाच ठाऊक.

सम्यक आमचा कॅचर. म्हणजे बॅटवाल्याच्या मागे मोठा ग्लोव्ह घालून उकिडवा बसतो तो. बघणाऱ्याला वाटतं, हा नुसता बॉल अडवतोय. पण अख्खी मॅच तोच चालवतो, बॉल कुठला टाकायचा हे पिचरला, म्हणजे बॉल टाकणाऱ्याला, तोच खुणेने सांगतो. सम्यक अमरावतीचा. तिकडे शाळाशाळांतून सॉफ्टबॉल खेळतात, हा तर युनिव्हर्सिटीकडून खेळलेला. आम्हाला तो सापडला आंबेडकर जयंतीला. त्याची बायको रचना माझ्या ऑफिसात होती, तिने आग्रहाने बोलावलं म्हणून कम्युनिटी हॉलमध्ये गेलो होतो. वंदना झाली, भाषणं झाली आणि जेवणाच्या वेळी हा पोरांना लांबून संत्री टाकत होता. पोरं कुठूनही कशीही परत फेकत होती आणि हा प्रत्येक संत्रं एका हाताने अलगद झेलत होता, तेही कोणाशी तरी गप्पा मारता मारता. उल्हासने हातातलं ताट खाली ठेवलं ते थेट त्याच्यापुढे जाऊनच उभा राहिला.

तेव्हापासून पाच सीझन तो आमचाच होता. नुसता टीमचा नाही, घरचा. प्रॅक्टिस झाली की आमच्याकडे जेवायला. कोथिंबिरीला सांबार म्हणतो म्हणून मी त्याला किती छळलं असेल! मग त्यानेच मला सांबारवडी शिकवली. आम्हाला मूलबाळ नाही. त्याबद्दल मी कधी रडगाणं गायलेलं नाही आणि आत्ताही गात नाही, पण बुधवारी रात्री तीन ताटं मांडायला मला आवडायचं, हे खरंय. उल्हासलाही आवडायचं. तो ते म्हणायचा नाही, इतकंच.

आणि असा मुलगा देऊन टाकला. का, तर म्हणे टीमला पिचिंगची गरज होती.

आमच्या खुर्च्यांच्या रांगेत यावरून जे सुरू झालं ते जून संपला तरी चालूच होतं. शशी एका बाजूला, वैभवी दुसऱ्या. शशी आमच्याच वयाचा, डोंबिवलीचा, सगळं पूर्वीच चांगलं होतं अशा मताचा. त्याचं म्हणणं, पिचर काय, कुठेही मिळतो, पण असा कॅचर घालवणं म्हणजे घराची चावी शेजाऱ्याला देऊन त्याची सायकल आणणं. वैभवी नागपूरची, डेटा अ‍ॅनालिस्ट, तिशीतली. ती फोन काढून आकडे दाखवायची. पुष्कर आल्यापासून समोरच्यांचे रन किती कमी झाले, ट्रेड, म्हणजे ही अदलाबदल, कसा फायद्याचाच आहे वगैरे. शशी म्हणायचा, बाई, तुझ्या त्या आकड्यांत नवा कॅचर वीर याच्या ग्लोव्हमधून निसटलेले बॉल धरलेत का? तिने तेही धरलेले असायचे. मग शशी चहा ओतून घ्यायचा आणि वैभवीला आधी द्यायचा, कारण भांडण असलं तरी थर्मास एकच.

पुष्कर बिचारा चांगला मुलगा. पुण्याचा. त्याची नोकरीच आता मिल्टन कीन्सला होती, त्यामुळे त्याला हे सोयीचंच पडलं. बॉल असा टाकतो की बॅटवाला नुसता बघत राहतो. त्याच्याबद्दल माझी काहीच तक्रार नव्हती. माझी तक्रार नवऱ्याबद्दल होती, आणि ती मी रोज मांडत होते. उल्हास हूं की चूं करत नव्हता. पण बुधवारी जेवताना फोन ताटाशेजारी ठेवायचा आणि तो वाजला की आधी नाव बघायचा. सम्यकचा फोन मे महिन्यापासून आलेला नव्हता. एरवी दिवसाआड करणारा मुलगा.

जुलैत आमची मॅच ब्रॅकनेलला होती. त्यांच्याच मैदानावर, सम्यकच्या नव्या टीमशी. मी आदल्या दिवशी सांबारवडी केली. सारण जरा तिखटच झालं, पण डबा भरला. गाडीत तो मांडीवर घेऊन बसले आणि एम वन हायवेला लागल्या लागल्या विचारलं, आज तरी खरं सांग, त्याला का घालवलास?

टॉडिंग्टन सर्व्हिसेस या हायवेवरच्या थांब्याची पाटी आली तेव्हा उल्हास बोलला. "तूच सांगितलं होतंस ना," तो म्हणाला, "तो इथे झोपला होता म्हणून."

मला आठवेना, मग आठवलं. सम्यकने फेब्रुवारीत नोकरी बदलली होती, ब्रॅकनेलला. तिकडेच राहायला गेले. एप्रिलमध्ये मुलगी झाली. तरी हा बुधवारी प्रॅक्टिसला आणि रविवारी मॅचला सव्वा-दीड तास गाडी हाकत यायचा. एका बुधवारी परत जाताना डोळे मिटायला लागले म्हणून टॉडिंग्टनला थांबला आणि गाडीतच झोपून गेला. रचना घरी तान्ह्या बाळाला घेऊन फोनवर फोन करतेय आणि हा इकडे गाढ झोपलेला. तिने मला ते हसत हसत सांगितलं होतं. मीही उल्हासला हसत हसतच सांगितलं होतं.

"त्या रात्री मला झोप लागली नाही," उल्हास म्हणाला. "थांबला म्हणून बरं. नसता थांबला तर?"

मग मी विचारलं, हे तू त्याला सांगितलंस का? तर नाही. विचारलंस तरी का? तर तेही नाही. फोन करून म्हणाला म्हणे, टीमच्या दृष्टीने हे बरं पडेल. सम्यक म्हणाला, ठीक आहे काका. बस. उल्हासचं म्हणणं, विचारलं असतं तर तो भिडेपोटी नाहीच म्हणाला असता, म्हणाला असता मी येईन, काही त्रास नाही. आणि येतच राहिला असता. त्यापेक्षा ट्रेड म्हटलं की त्याच्यावर काही येत नाही. तो टीम सोडून गेला असं कोणी म्हणणार नाही.

मी कपाळाला हात लावला. अरे पण त्याला काय वाटलं असेल? मागच्या सीझनच्या शेवटच्या मॅचमध्ये त्याच्या हातून बॉल सुटला होता आणि आपण हरलो होतो. तो हेच समजला असणार की त्या बॉलसाठी काढलं. पुढे एम ट्वेंटी फाइव्हवर ट्रॅफिक लागलं आणि आम्ही दोघंही गप्प बसून राहिलो. इतक्या वर्षांच्या संसारात मी गप्प बसल्याचे प्रसंग मोजून काढता येतील, त्यातला हा एक.

मैदानावर पोचलो तर दुसराच वाद सुरू होता. सिग्नलचा. हे जरा सांगावं लागेल. मैदानाच्या चार कोपऱ्यांना चार बेस, ते ओळीने गाठत पळून परत आलं की एक रन. आमच्या बॅटिंगच्या वेळी उल्हास तिसऱ्या बेसजवळ उभा राहून पोरांना हातवारे करतो. टोपीला हात, कोपराला हात, पट्ट्याला हात, यातलं बरंचसं उगीच, समोरच्याला फसवायला. पण कान धरला की पहिल्या बेसवरच्या मुलाने दुसऱ्या बेसकडे पळत सुटायचं. शाळेत मास्तरांसमोर धरायचो तसा हा कान धरतो, आणि मला दर वेळी हसू येतं. तर हे सगळे सिग्नल सम्यकला पाठ. त्यातले निम्मे तर त्या दोघांनी आमच्या जेवणाच्या टेबलावर बसून ठरवलेले. आणि आज सम्यक समोरच्या टीमचा कॅचर. कॅचरच्या जागेवरून तिसरा बेस सरळ दिसतो. सिग्नल कळला की त्याला आधीच सावध होता येणार, पिचरला सांगता येणार आणि आमचा मुलगा पळायच्या आधीच मेला.

वैभवीने उल्हासला विचारलं, सिग्नल बदललेत ना? उल्हास म्हणाला, नाही. प्रॅक्टिसला पुष्करनेही दोनदा विचारलं होतं म्हणे, तेव्हा हा बघू म्हणाला होता. वैभवीने माझ्याकडे पाहिलं. शशीने आकाशाकडे पाहिलं. मी मात्र पहिल्यांदाच नवऱ्याची बाजू घेऊन म्हणाले, असू दे, राहू द्या. कारण मला कळलं होतं. सिग्नल बदलायचे म्हणजे सम्यक परका झाला असं कबूल करायचं, आणि तेवढं त्याच्याने होत नव्हतं.

मॅच सुरू झाली. सम्यक आला, वाकून मला नमस्कार केल्यासारखं केलं, "काकू, जय भीम," म्हणाला आणि मुखवटा चढवून जागेवर जाऊन बसला. उल्हासकडे त्याने पाहिलं नाही. मला वाटलं, गडबडीत असेल. पण दुसरी इनिंग झाली, चौथी झाली, हा मुलगा काही बघेना. आमची बॅटिंग आली आणि उल्हास तिसऱ्या बेसजवळ उभा राहिला की हा मान उजवीकडे वळवायचा. कार पार्ककडे. बॉल यायच्या क्षणी समोर बघायचा, झाला की परत कार पार्क. एकदा तर बॉल उल्हासच्या पायाशी गेला. उल्हासने उचलून तो सम्यककडे फेकला, सम्यकने झेलला तोही दुसरीकडे बघत.

शशी म्हणाला, "बघ, किती आकस धरलाय."

वैभवीलाही ते लागलं. ती म्हणाली, ट्रेड केला हे खरं, पण इतका अ‍ॅटिट्यूड कशाला? माझ्याही मनात तेच आलं. पाच वर्षं आमच्या घरी जेवलेला मुलगा. रागावला असशील तर येऊन भांड ना, हे काय? आणि उल्हासचा चेहरा मला इतक्या लांबूनही दिसत होता. तो दर इनिंगला थोडाथोडा पडत चालला होता.

खेळ मात्र बघण्यासारखा झाला. पुष्करने सम्यकला दोनदा बाद केलं आणि वैभवीने शशीला कोपर मारलं. मग सम्यकने तिसऱ्या वेळी असा काही फटका मारला की त्यांचे दोन रन झाले, आणि शशीने वैभवीला चहा विचारला. ट्रेड फायद्याचा की तोट्याचा, हे दर दहा मिनिटांनी बदलत होतं. शेवटच्या इनिंगमध्ये आम्ही एका रनने मागे होतो. वीर पहिल्या बेसवर उभा. दोघे बाद झालेले, म्हणजे आणखी एक गेला की खेळ खलास. वीर दुसऱ्या बेसवर पोचला असता तर पुढच्या फटक्यावर बरोबरी झाली असती.

उल्हासने टोपीला हात लावला. कोपराला लावला. मग कान धरला.

पिचरचा हात हलला आणि वीर सुटला. चांगला पळतो मुलगा, मला वाटलं, पोचला. पण सम्यकने बॉल घेतला, उठला आणि फेकला हे सगळं मला वेगवेगळं दिसलंसुद्धा नाही. बॉल दुसऱ्या बेसवर वाट बघत होता आणि वीर अजून घसरत येत होता. मॅच संपली. आम्ही हरलो.

शशी उठून उभा राहिला आणि मोठ्याने म्हणाला, "सिग्नल चोरला. त्याला माहीतच होतं ना, कान धरला की पळणार."

चोरला हा शब्द मैदानभर गेला. उल्हासने ऐकला. सम्यकनेही ऐकला असणार, मुखवटा काढता काढता त्याचा हात थांबला. मग तो आपल्या बेंचकडे चालायला लागला. उल्हास तिसऱ्या बेसजवळ होता तिथेच उभा होता, जमिनीकडे बघत.

माझं डोकं फिरलं. आधी शशीवर, मग सम्यकवर, मग नवऱ्यावर, नक्की कोणावर ते आजही सांगता यायचं नाही. डबा उचलला आणि तरातरा निघाले. हे पुरुष एकमेकांची मनं जपत एकमेकांना खाऊन टाकतील, पण तोंड उघडणार नाहीत. म्हटलं, आपल्याला देवाने तोंड दिलंय ते वापरावं.

सम्यक बेंचवर बसून पायाचे पॅड सोडत होता. मी डबा त्याच्या शेजारी ठेवला आणि सरळ विचारलं, काय रे, एवढा राग आलाय की काकांचं तोंडही बघवत नाही?

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मीच गोंधळले. "राग?" तो म्हणाला. "काकू, मी पाहिलं असतं तर मला कळलं असतं ना. सिग्नल तेच असतील तर?"

तो आपला शांतपणे बोलत राहिला. काका सिग्नल बदलणार नाहीत असं त्याला वाटतच होतं, काका तसे आळशी आहेत त्या बाबतीत. म्हणून त्याने ठरवूनच टाकलं होतं, तिसऱ्या बेसकडे बघायचंच नाही. नजर गेली की कळणार, आणि कळलं की वापरल्याशिवाय राहवणार नाही. वापरलं नाही तर या टीमशी बेइमानी, वापरलं तर त्या टीमशी. त्यापेक्षा कार पार्क बरा. वीरला त्याने बाद केलं ते नुसतं त्याच्या पायांचा आवाज ऐकून.

मी मागे वळले तर उल्हास येऊन उभा होता. कधी आला कोण जाणे, पण त्याने सगळं ऐकलं होतं. मी दोघांच्या मधून बाजूला झाले आणि नवऱ्याला म्हटलं, आता टॉडिंग्टनचं सांग.

त्याने सांगितलं. मोडकं तोडकं, अर्धं इंग्लिशमध्ये, पण सांगितलं. झोप लागली नाही ते सांगितलं. बाळाचं सांगितलं. त्या सुटलेल्या बॉलशी याचा काही संबंध नाही, तो बॉल कोणाच्याही हातून सुटला असता, हेही सांगितलं. सम्यक खाली मान घालून ऐकत होता. पॅडचा एकच बंद त्याने तीनदा सोडला आणि तीनदा बांधला.

"मी दोन महिने तोच बॉल झेलून राहिलो," तो म्हणाला. "झोपेतसुद्धा. मला विचारलं काऊन नाही, काका?"

"तू नाही म्हणाला असतास."

"नाही. मी हो म्हणालो असतो." त्याने वर पाहिलं. "मीच सांगणार होतो तुम्हाला, आता जमत नाही म्हणून. तुमच्याकडे आलो की जीभ उचलायची नाही. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

यावर उल्हास बेंचवर बसलाच. मीही बसले. एकाने दुसऱ्याला वाईट वाटू नये म्हणून विचारलं नाही, दुसऱ्याने पहिल्याला वाईट वाटू नये म्हणून सांगितलं नाही, आणि दोघांनाही व्हायचं तेवढं वाईट वाटून झालं. अशी भीड या देशातल्या माणसांना समजावून सांगायची म्हटली तरी सांगता यायची नाही. सम्यकने डबा उघडला, एक वडी तोंडात टाकली आणि तिखटाने त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. निदान मी तसं समजले.

उल्हासने त्याला विचारलं, सीझन संपल्यावर परत येतोस का? विचारताना आवाज सरळ ठेवायचा त्याने फार प्रयत्न केला. सम्यकने डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाला, "नाही काका. इथे मॅच संपली की दहा मिनिटांत घरी असतो. पोरगी आता मला ओळखते. आणि ही पोरंही माझीच झालीत आता." उल्हासने मान हलवली. पहिल्या वेळी उगीच, दुसऱ्या वेळी मनापासून. त्याला हेच तर हवं होतं मे महिन्यात, आणि आज ते मिळालं तेव्हा त्याचे हात नुसते मांडीवर पडून होते.

पलीकडे शशी आणि वैभवी खुर्च्या मिटत होते. शशीला मी नंतर काय ते ऐकवलंच, आणि तो स्वतः येऊन सम्यकचा हात धरून सॉरी म्हणाला, ते सोडा. ट्रेड बरोबर होता की चूक, यावर ते दोघं अजूनही भांडतात. मला कोणी विचारलं तर मी सांगते, ट्रेड बरोबर होता, करणारे गाढव होते.

निघताना उल्हास उठला. टोपी काढली, परत घातली. सम्यकच्या खांद्यावर हात ठेवला आणि जरा वेळ ठेवूनच म्हणाला, "मग आता सिग्नल बदलायला हवेत."

"बदला काका, नक्की बदला," सम्यक मानेवर हात चोळत म्हणाला. "मान पार आखडून गेली माझी. मला बघायचं होतं तुमच्याकडे."